लसावि आणि मसावि : नावं अवघड, काम सोपं



गणिताच्या पुस्तकात विभाजक, विभाज्य, मसावि, लसावि असे शब्द एका पाठोपाठ येतात आणि बरीच मुलं तिथेच घाबरतात. "हे उदाहरण राहू दे, पुढचं सोडवू" असं म्हणून पान उलटतात. पण हे पान उलटलं की अपूर्णांकांची बेरीज अडते. ती अडली की पुढे हिस्से, वाटणी, व्याज सगळंच अडतं. म्हणून हा विषय अगदी मुळापासून पाहू. लागतील फक्त मूठभर चिंचोके आणि पाढे.

विभाजक म्हणजे काय?

१२ चिंचोके घ्या. त्यांच्या सारख्या रांगा लावा. एकच रांग केली तर तिच्यात १२ चिंचोके. दोन रांगा केल्या तर प्रत्येकीत ६. तीन रांगा केल्या तर ४. पाच रांगा करून पाहा बरं! दोन चिंचोके उरतात. म्हणजे ५ ने १२ ला निःशेष भाग जात नाही.

ज्या संख्येने भाग दिला असता बाकी शून्य उरते, ती त्या संख्येची विभाजक. १२ चे विभाजक असे : १, २, ३, ४, ६, १२. एकूण सहा झाले.

आता १३ चिंचोके घ्या. कितीही खटपट केली तरी १३ ची एक रांग किंवा एकेकाच्या १३ रांगा, एवढंच जमतं. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. तिला १ आणि ती स्वतः असे दोनच विभाजक असतात. २, ३, ५, ७, ११, १३ या मूळ संख्या आहेत. १ ते १०० मध्ये अशा २५ संख्या आहेत. त्यांत सम संख्या एकच, ती म्हणजे २. आणि १ ला तर एकच विभाजक आहे, म्हणून १ मूळही नाही आणि संयुक्तही नाही.

विभाजक शोधताना काही तरी सुटून जातं, अशी सगळ्यांची तक्रार असते. त्यावर उपाय आहे. विभाजक जोडीने शोधा. ३६ चं उदाहरण घेऊ.

१ × ३६
२ × १८
३ × १२
४ × ९
६ × ६

इथे दोन्ही आकडे एकमेकांना भेटले. यापुढे गेलात तर ९ × ४, १२ × ३ अशा त्याच जोड्या उलट्या येतील. म्हणून भेट झाली की थांबायचं. ३६ चे विभाजक ९ झाले. हा आकडा विषम का आला? कारण ६ चा जोडीदार ६ च आहे. ज्या संख्या वर्गसंख्या असतात (४, ९, १६, २५, ३६) त्यांचेच विभाजक विषम संख्येत असतात. घरी करून पाहा.

भाग न देता ओळखायचं कसं?

शेवटचा अंक ०, २, ४, ६ किंवा ८ असेल तर २ ने भाग जातो. शेवटी ० किंवा ५ असेल तर ५ ने जातो. ३ ची कसोटी जरा गमतीची आहे. सगळ्या अंकांची बेरीज करायची. तिला ३ ने भाग गेला तर संख्येलाही जातो. असं का होतं, ते पाहू.

३७२ घ्या. १०० म्हणजे ९९ आणि १. ९९ ला ३ ने भाग जातो, म्हणजे दर शंभरामागे १ उरतो. तीन शतकांमागे ३ उरले. १० म्हणजे ९ आणि १, म्हणून सात दशकांमागे ७ उरले. सुटे २ आहेतच. उरलेले सगळे मिळून ३ + ७ + २ = १२. या १२ ला ३ ने भाग जातो, म्हणून ३७२ लाही जातो. ९ ची कसोटीसुद्धा याच कारणाने चालते. १२ ला ९ ने भाग जात नाही, म्हणून ३७२ लाही जात नाही.

विभाज्य म्हणजे पाढाच की!

६, १२, १८, २४, ३० हे ६ चे विभाज्य. म्हणजे ६ चा पाढा. तो ६० ला संपतो असं आपल्याला वाटतं, कारण आपण तिथे थांबतो. पाढा मात्र थांबत नाही. ६६, ७२, ७८ असा चालतच राहतो. एवढा फरक लक्षात ठेवा : विभाजक मोजून संपतात, विभाज्य कधीच संपत नाहीत.

मसावि : वाटणीचा हिशोब

मसावि म्हणजे महत्तम साधारण विभाजक. साधारण म्हणजे दोघांत सामाईक असलेला.

समजा, १५ ऑगस्टला वाटायला ४८ वह्या आणि ३६ पेन्सिली आल्या आहेत. प्रत्येक मुलाला सारख्या वह्या, सारख्या पेन्सिली द्यायच्या आणि काहीही उरू द्यायचं नाही. जास्तीत जास्त किती मुलांना देता येईल?

मुलांची संख्या अशी हवी की तिने ४८ लाही भाग जाईल आणि ३६ लाही. ४८ चे विभाजक : १, २, ३, ४, ६, ८, १२, १६, २४, ४८. ३६ चे विभाजक : १, २, ३, ४, ६, ९, १२, १८, ३६. दोन्हीकडे असलेले : १, २, ३, ४, ६, १२. त्यांत मोठा १२. तर १२ मुलांना देता येईल, प्रत्येकी ४ वह्या आणि ३ पेन्सिली. वादही नाही आणि उरलंही काही नाही.

लसावि : पाळीचा हिशोब

लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य. हा पालकांनी जरूर वाचावा, कारण हा विहिरीच्या पाण्याचा हिशोब आहे.

समजा, एका विहिरीवर दोन घरांचा हक्क आहे. थोरल्या घराचं पीक असं की त्याला दर ६ दिवसांनी पाणी लागतं. धाकट्या घराला दर ८ दिवसांनी लागतं. आज दोघांनीही पाणी दिलं. पुन्हा दोघांची पाळी एकाच दिवशी कधी येईल?

थोरल्या घराचे दिवस : ६, १२, १८, २४, ३०...
धाकट्या घराचे दिवस : ८, १६, २४, ३२...

२४ व्या दिवशी दोघंही एकदम मोटर चालू करायला येणार. विहिरीत पाणी तेवढंच! हे आधी माहीत नसेल तर सकाळी सकाळी बांधावर आवाज चढणार. माहीत असेल तर आदल्या दिवशीच धाकटा म्हणेल, "दादा, उद्या तुमचं आधी होऊ द्या, मी रात्री घेतो." ६ आणि ८ यांचा लसावि २४.

काही मुलं ६ × ८ = ४८ असं उत्तर लिहितात. ४८ व्या दिवशीही दोघं एकत्र येतात, हे खरं. पण त्याच्या आधी २४ व्या दिवशी एक गाठ पडून गेलेली असते. लघुतम म्हणजे सर्वांत पहिली गाठ.

इथेच आणखी एक मौज आहे. धाकट्या घराने आपली पहिली पाळी फक्त एक दिवस पुढे नेली, तर काय होईल? त्याचे दिवस येतील १, ९, १७, २५, ३३... सगळे विषम. थोरल्याचे दिवस ६, १२, १८, २४... सगळे सम. दोघांची गाठ कधीच पडणार नाही! असं का? कारण ६ आणि ८ यांचा मसावि २ आहे. दोघंही दोनाच्या पटीत पावलं टाकतात, म्हणून एक सम दिवसांवर आणि दुसरा विषम दिवसांवर चालत राहतो. पण पाळ्या ५ आणि ८ दिवसांच्या असत्या तर ही युक्ती चालली नसती. त्या दोघांत १ शिवाय सामाईक विभाजक नाही. अशा संख्यांना सहमूळ संख्या म्हणतात. मग सुरुवात कशीही करा, दर ४० दिवसांत एकदा गाठ पडणारच.

नावावर जाऊ नका

लसाविच्या नावात 'लघुतम' आहे, म्हणून पुष्कळ जण लहान उत्तर लिहितात. मसाविच्या नावात 'महत्तम' आहे, म्हणून मोठं लिहितात. पेपरात गुण जातात ते इथेच. खरी गोष्ट उलटी आहे. मसावि हा विभाजक आहे, म्हणून तो दिलेल्या लहान संख्येपेक्षा मोठा असूच शकत नाही. लसावि हा विभाज्य आहे, म्हणून तो दिलेल्या मोठ्या संख्येपेक्षा लहान असूच शकत नाही. उत्तर लिहून झालं की एवढं पडताळून पाहा.

शाब्दिक उदाहरणात वाटायचं असेल, तुकडे करायचे असतील, गट पाडायचे असतील तर बहुधा मसावि. पुन्हा एकत्र कधी येतील असं विचारलं असेल तर लसावि.

उभी मांडणी

संख्या मोठ्या असल्या की सगळे विभाजक लिहीत बसणं नको. २४ आणि ३६ घेऊ आणि दोघांनाही भाग जाईल अशा मूळ संख्येने भागत जाऊ.

२ | २४, ३६
२ | १२, १८
३ | ६, ९
  | २, ३

२ आणि ३ ला आता एकाच संख्येने भाग जात नाही, म्हणून थांबलो. डावीकडच्या संख्यांचा गुणाकार २ × २ × ३ = १२, हा मसावि. त्याला खाली उरलेल्या २ आणि ३ ने गुणलं की १२ × २ × ३ = ७२, हा लसावि.

ताळा असा करा : दोन्ही संख्यांचा गुणाकार २४ × ३६ = ८६४. मसावि आणि लसावि यांचा गुणाकार १२ × ७२ = ८६४. जमलं! मात्र हा ताळा दोनच संख्यांना चालतो, तीन संख्यांना नाही. २, ४ आणि ६ यांचा मसावि २, लसावि १२, गुणाकार २४. पण २ × ४ × ६ तर ४८ होतात.

तीन संख्यांचा लसावि काढताना आधी दोघांचा काढा, मग आलेल्या उत्तराचा आणि तिसरीचा काढा. असं करत १ ते १० पर्यंत गेलात तर २५२० येतात. १ पासून १० पर्यंत सर्व संख्यांनी निःशेष भाग जाणारी ही सर्वांत लहान संख्या.

२६ गुंठे गेले कुठे?

आता महत्त्वाची गोष्ट. एका शेताचा १/४ हिस्सा आणि १/६ हिस्सा मिळून एकाच माणसाकडे आला आहे, असं समजा. शेत ३ एकर, म्हणजे १२० गुंठे. त्याच्याकडे एकूण किती आलं?

घाईत कोणी वरची बेरीज १ + १ = २ आणि खालची ४ + ६ = १० करील. उत्तर २/१०, म्हणजे १/५, म्हणजे २४ गुंठे. पण थांबा! नुसता पाव हिस्साच ३० गुंठे होतो. त्यात आणखी भर पडून तो २४ वर येईल कसा?

चौथे हिस्से आणि सहावे हिस्से ही दोन वेगळी मापं आहेत. शेर आणि लिटर जसे सरळ मिळवता येत नाहीत, तसंच हे. आधी माप एक करायला हवं. ४ आणि ६ चा लसावि १२. शेताचे १२ सारखे तुकडे केले तर १/४ म्हणजे ३ तुकडे आणि १/६ म्हणजे २ तुकडे. एकूण ५/१२. एक तुकडा १० गुंठ्यांचा, म्हणून ५० गुंठे. ताळा : ३० + २० = ५०. बरोबर!

५० च्या ठिकाणी २४, म्हणजे २६ गुंठे कागदावर नाहीसे झाले. कोणी चोरले नाहीत, बांध कोरला नाही, फक्त छेद सारखे केले नाहीत. सातबाऱ्यावरचा हिस्सा घरात कोणाला तरी वाचता यायला हवा, आणि तो मुलीलाही यायला हवा. तिचंही नाव उताऱ्यावर लागतं.

जुन्या लोकांना हे माहीत होतं

आपल्या आजी-आजोबांना विचारा, रुपयाचे पैसे किती? ते सांगतील, ६४. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली. त्याआधी १ रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, म्हणजेच १९२ पै होत. त्या रुपयाचे तीन सारखे वाटे करता येत : प्रत्येकी ५ आणे ४ पै. १९२ ला ३ ने भाग जातो ना! १०० पैशांचे तीन वाटे केले तर १ पैसा उरतो. पण १०० ने हिशोब लिहायला सोपा जातो, हा दशमानाचा फायदा.

६० ही तर मोठी उपयोगी संख्या. १, २, ३, ४, ५, ६ या सर्वांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या ६०. तिचे विभाजक १२ आहेत, १०० चे फक्त ९. तासाची मिनिटं ६०, मिनिटाचे सेकंद ६०. आपल्या पंचांगात दिवसाच्या घटका ६०, घटकेची पळं ६० आणि संवत्सरंही ६०. एक घटका म्हणजे २४ मिनिटं. तासाचा अर्धा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा कोणताही भाग घ्या, पुरी मिनिटं येतात.

खूप मोठ्या संख्यांचा मसावि काढायची रीतही जुनी आहे. २९९ आणि २२१ घ्या. यांचे विभाजक चटकन सुचत नाहीत. मग मोठीला लहानीने भागा आणि बाकीने पुन्हा भाजकाला भागत जा.

२९९ ला २२१ ने भागलं, बाकी ७८.
२२१ ला ७८ ने भागलं, बाकी ६५.
७८ ला ६५ ने भागलं, बाकी १३.
६५ ला १३ ने भागलं, बाकी ०.

शेवटचा भाजक १३, तोच मसावि. कारण साधं आहे. ज्या मापाने दोन दोऱ्या पुऱ्या मोजता येतात, त्याच मापाने त्यांच्यातला फरकही पुरा मोजता येतो. ग्रीक गणिती युक्लिड याने ही रीत इसवी सनापूर्वी सुमारे ३०० च्या काळात लिहून ठेवली. आपल्याकडे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये कुट्टक नावाच्या गणितात असाच परस्पर भागाकार वापरला. भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० च्या 'लीलावती'तही कुट्टकाचं प्रकरण आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला, त्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथे आहे.

किड्यांचाही लसावि!

अमेरिकेत सिकाडा नावाचे कर्कश ओरडणारे किडे आहेत. त्यांच्या काही जाती जमिनीखाली १३ वर्षं राहतात, काही १७ वर्षं, आणि मग लाखोंनी एकदम बाहेर येतात. १३ आणि १७ दोन्ही मूळ संख्या, म्हणून लसावि १३ × १७ = २२१. यांतले दोन ठराविक समूह १८०३ साली एकाच वर्षी बाहेर आले होते. त्यानंतर ते एकत्र आले २०२४ साली. वजाबाकी करून पाहा, बरोबर २२१! पुढची भेट २२४५ साली. त्यांचे आवर्तन १२ आणि १८ वर्षांचे असते तर लसावि ३६, म्हणजे दर ३६ वर्षांनी भेट झाली असती.

पालकांना विनंती

मुलांना पाढे म्हणायला लावताच, ते चांगलंच आहे. त्यासोबत एखादी संख्या देऊन तिचे विभाजक विचारा. शेंगा फोडता फोडता, गाडीची वाट पाहता पाहता हा खेळ होतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनाही चिंचोक्यांच्या रांगा लावून तो खेळता येतो. उत्तर चुकलं तर रागावू नका. रांगा पुन्हा लावायला सांगा.

सोडवून पाहा

१. १५ आणि २० यांचा लसावि व मसावि काढा.
२. टोपलीतले आंबे तीन-तीन, चार-चार किंवा पाच-पाच असे मोजले तरी दर वेळी १ उरतो. टोपलीत एकाहून जास्त आंबे आहेत. कमीत कमी किती?
३. १८ फूट लांब आणि १२ फूट रुंद अंगणाचे सारखे चौरस पाडायचे आहेत. मोठ्यात मोठा चौरस किती फुटांचा? असे किती चौरस होतील?
४. सायकलच्या पुढच्या चक्राला ४८ दाते आणि मागच्याला १८ दाते आहेत. दोन्ही चक्रं पुन्हा पहिल्या जागी एकदम यायला पुढच्याचे किती फेरे होतील आणि मागच्याचे किती?

उत्तरे (आधी सोडवा, मगच वाचा!) : १. लसावि ६०, मसावि ५. २. ६१ आंबे. ३. ६ फुटांचा, ६ चौरस. ४. लसावि १४४, म्हणून पुढच्याचे ३ फेरे, मागच्याचे ८.